परसदार विसरलेल्या इमारती

मैत्रिणींनो, आपल्या आजीच्या घराला दोन दारं असायची, आठवतंय? एक पुढचं, रस्त्याकडचं. तिथं ओटा, सोपा, आल्यागेल्याची उठबस. आणि दुसरं परसदार. तिथं तुळस, अळूचा वाफा, धुण्याचा दगड, एखादं शेवग्याचं नाहीतर कढीपत्त्याचं झाड. पुढच्या दारी पुरुषमाणसं बसायची, पण घर चालायचं ते परसदारातून. शेजारीण विरजण मागायला यायची ती मागच्याच दारानं. माहेरी आलेल्या लेकीचं मन मोकळं व्हायचं तेही तिथंच.

आता गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या गावात ज्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, त्या जरा डोळ्यांपुढे आणा. नगरपालिकेचं शॉपिंग सेंटर, नवी मंडई, एखादं बहुउद्देशीय सभागृह. पुढून बघाल तर पाट्या, दिवे, फरशी. आणि मागून? एक लांबच लांब आंधळी भिंत, तिच्या कडेला मुतारी, कचऱ्याचा ढीग, फुटक्या बाटल्या. गंमत म्हणजे या भिंतीच्या मागे पुष्कळदा गावातली उरलीसुरली हिरवी पट्टी असते. कुठं ओढा, कुठं नदीचा काठ, कुठं जुन्या तळ्याची पाळ. म्हणजे जिथं चार झाडं आहेत, वारा आहे, तिकडेच इमारतीनं पाठ फिरवलेली. मग तिकडे कोण जाणार? पोरीबाळी तर नाहीच नाही.

हा विषय इंजिनिअर लोकांचा आहे, आपण बायकांनी त्यात काय बोलायचं, असं मलाही वाटायचं. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि मी त्यावर विचार करायला लागले.

आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचत गटाच्या कामासाठी माझं जाणं-येणं असतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं गाव तुमचंही असू शकेल. एका बाजूला जुनी पेठ, दुसऱ्या बाजूला नवी वसाहत, मध्ये ओढा. ओढ्याच्या काठानं पूर्वी पायवाट होती. करंज, उंबर, जांभळाची झाडं अजून आहेत. त्या वाटेनं वसाहतीतून हायस्कूलला जायला दहा मिनिटं लागतात. पण मुली जातात हमरस्त्यानं, पाऊण तासाचा वळसा घालून, ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या कडेकडेनं. का? तर वाट ओसाड. "ताई, त्या वाटंनं पोरीला एकटीला कसं धाडायचं?" असं आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या. त्या पेठेत भाजी विकतात. त्यांच्या नातीनं नववीत असताना शिकवणीचा क्लास सोडला, तो याच कारणानं. क्लास सुटायचा संध्याकाळी सातला. एका ओसाड वाटेपायी एका मुलीचा क्लास सुटला. असे किती क्लास, किती शाळा सुटल्या असतील, कोण मोजतंय?

त्याच ओढ्याकाठच्या जागेवर नव्या व्यापारी संकुलाचा नकाशा तयार झाला. आम्ही सात-आठ जणी तो बघायला गेलो. नकाशात पुढच्या बाजूला गाळेच गाळे. ओढ्याकडे भिंत, आणि भिंतीला लागून स्वच्छतागृह. आम्ही विचारलं, "या बाजूला एकही खिडकी का नाही?" उत्तर आलं, "मॅडम, ती मागची बाजू आहे. तिकडं काय बघायचंय?" त्यावर आमच्या भाजीवाल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमची ती मागची बाजू. आमची तीच पुढची बाजू हाय."

खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही. मला तर वाटतं, नगररचनेचा सगळा अभ्यासक्रम त्या एका वाक्यात आला!

मावशींना ठाऊक नसेल, पण हीच गोष्ट सांगणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. जेन जेकब्ज तिचं नाव. ती ना इंजिनिअर, ना आर्किटेक्ट. न्यूयॉर्कमध्ये राहायची, लेखन करायची आणि मुलं वाढवायची. १९५० च्या दशकात तिच्या भागातल्या बागेतून मोटारींचा रस्ता न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा आसपासच्या बायकांनी उठाव करून तो हाणून पाडला. तीही त्या लढ्यात होती. १९६१ मध्ये तिनं शहरांवर एक पुस्तक लिहिलं आणि भल्याभल्या तज्ज्ञांना विचार करायला लावलं. तिचं म्हणणं अगदी साधं होतं. रस्ता सुरक्षित राहतो तो नुसत्या पोलिसामुळे नाही, तर त्याच्यावर असलेल्या माणसांच्या नजरेमुळे. दुकानदार गल्ल्यावर बसलाय, वरच्या खिडकीत आजीबाई शेंगा निवडतायत, कोपऱ्यावर चहाची गाडी आहे, तर वाईट हेतूचा माणूस तिथं धजत नाही. आणि अशी नजर दिवसभर हवी असेल, तर एकाच जागी वेगवेगळी कामं चालली पाहिजेत. सकाळी भाजी, दुपारी शाळा, संध्याकाळी वाचनालय, रात्री राहणारी माणसं.

आता यात आपल्याला नवीन ते काय? 'खाली दुकान, वर मकान' ही आपल्या पेठांची जुनीच रीत. सांगलीच्या गणपती पेठेत, हरभट रोडला जुन्या घरांत ती अजून दिसते. खाली किराण्याचं नाहीतर कापडाचं दुकान, माडीवर घर. दुकान बंद झालं की माडीवरचा दिवा लागतो. रस्ता काही एकटा पडत नाही. तज्ज्ञ याला 'मिश्र वापराची इमारत' म्हणतात. आपल्या सासू-सासऱ्यांनी त्यात अख्खं आयुष्य काढलं, नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

सांगलीचंच घ्या. जुनी सांगली कृष्णेकडे तोंड करून बसलेली आहे. घाट, गणपतीचं देऊळ आणि पेठ, सगळं एकमेकांना धरून. नदीवर जायचं तर बाजारातून जायचं, बाजारात यायचं तर देवळावरून यायचं. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला आणि कृष्णा ओलांडणं सोपं झालं. पुढं शहर वाढलं ते मिरजेच्या दिशेनं, विश्रामबागेकडे. मोठी दुकानं, बँका, दवाखाने तिकडे गेले. नदी मागं राहिली, पुराच्या वेळी तेवढी आठवायची म्हणून.

तरी एक वाट अजून सांगलीकरांच्या मनात हिरवी आहे. हरिपूरची. जुन्या माणसांना विचारा, हरिपूरचा रस्ता म्हटलं की त्यांना आधी चिंचेची सावली आठवते. तिकडे कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ. श्रावणातल्या सोमवारी सगळी सांगली चालत हरिपूरला. बायका घोळक्यानं, पोरं पुढंमागं. ही वाट टिकली कशामुळे? नुसत्या झाडांमुळे नाही. तिच्या एका टोकाला गजबजलेलं शहर, दुसऱ्या टोकाला नांदतं गाव आणि देऊळ, आणि मध्ये माणसांची ये-जा. वाटेला दोन्ही टोकांना काहीतरी कारण असावं लागतं. 'फिरायला जा' एवढ्या कारणानं घरातली बाई घराबाहेर पडत नाही. भाजी आणायची, पोराला शाळेतून घ्यायचं, गटाची बैठक करायची, आणि येताना दहा मिनिटं झाडाखाली टेकायचं, असं असलं की पडते.

साताऱ्याची तऱ्हा वेगळी. ते अजिंक्यताऱ्याच्या कुशीत चढउतारावर वसलेलं गाव. पेठांची नावं वारांवरून, आणि गावात जागोजागी पाण्याच्या जागा. मोती तळं, मंगळवार तळं, फुटका तलाव. डोंगरउताराचं पाणी खापरी नळांतून गावात आणायची छत्रपतींच्या काळातली व्यवस्था होती. पाण्याच्या त्या जागा म्हणजे बायकांच्या बोलण्याच्या जागा. घरोघरी नळ आले, बायकांचे हंडे खाली उतरले, फार चांगलं झालं. पण त्याबरोबर एकत्र जमायची जागा गेली, ती परत कुणी दिलीच नाही. २०२१ मध्ये पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर खुला झाला. वाहनांसाठी एवढा विचार होऊ शकतो, तर पायी चालणाऱ्यांसाठी का नाही? ही तळी आणि किल्ल्याचा पायथा एका सावलीच्या वाटेनं जोडता येणार नाही का? आणि त्या वाटेच्या कडेला जिथं पालिकेची इमारत उभी राहील, तिथं तिनं वाटेकडे तोंड करावं, एवढं ठरवता येणार नाही का?

कुणी म्हणेल, पाण्याच्या बाजूला कसली तोंडं करता, पूर आला म्हणजे कळेल! बरोबर आहे. सांगलीकर बाईला पुराची भीती कुणी शिकवायला नको. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५, नंतर पुन्हा २०२१. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत २००५ साली पाणी शिरलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची साठवण कामातून गेली. तेव्हा नदीकाठी सिमेंटचं 'सुशोभीकरण' करा, असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण नियम नीट समजून घेतला तर तो आपल्याच बाजूचा आहे. नदीला दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. बाग, मैदान, झाडी अशी मोकळी जागा ठेवायची. म्हणजे हिरवी वाट करायला ही पट्टी आयतीच मोकळी आहे! पाणी आलं तर ती बुडेल, ओसरलं की पुन्हा चालू. वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ ही झाडं पाण्याला घाबरत नाहीत. इमारत उभी राहील ती त्या रेषेच्या बाहेर, उंच जोत्यावर. आणि वरच्या मजल्यावर मोठं सभागृह, स्वयंपाकाची जागा, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह असेल, तर पुराच्या आठ-दहा दिवसांत तेच निवाऱ्याचं ठिकाण होईल. २०१९ ला किती कुटुंबं शाळांच्या वर्गांत आणि मंगल कार्यालयांत राहिली, आणि तिथं बायकांचे काय हाल झाले, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल.

पाण्याकाठी इमारत बांधताना मागच्या बाजूचा विचार कसा करायचा, हे बघायला परदेशी जायला नको. वाईला जा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या घाटावर बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. का? तर पुराचं पाणी त्यावर आपटून दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, देऊळ उभं आहे. त्या कारागिराला मागची बाजूसुद्धा पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची वाटली होती. आणि घाट? तो तर माणसांसाठीच. त्याच घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, तेव्हा वाईच्या लेकीसुना नदीकाठीच असतात.

पॅरिसमध्येही एक उदाहरण आहे, ते मला फार आवडलं. तिथं १८५९ मध्ये सुरू झालेली एक रेल्वे १९६९ मध्ये बंद पडली. उंच कमानींवरून जाणारा तिचा मार्ग ओसाड पडला. तो पाडून टाकण्याऐवजी त्यांनी वर झाडं लावून चालायची वाट केली, साडेचार किलोमीटरहून लांब. आणि खालच्या कमानींत कारागिरांची दुकानं थाटली. सुतारकाम, वाद्यांची दुरुस्ती, कापडावरची कलाकुसर. खाली उद्योग, वर सावली. नव्वदच्या दशकात हे काम पुरं झालं आणि शहराचे तुटलेले भाग पुन्हा जोडले गेले.

पण दुसरं एक उदाहरण सावध करणारं आहे. न्यूयॉर्कमध्ये अशाच बंद रेल्वेमार्गावर २००९ मध्ये हवेतली बाग खुली झाली. सव्वादोन किलोमीटरची ती बाग जगभर गाजली. पण तिच्या आजूबाजूच्या जागांचे भाव असे वाढले, की तिथं आलिशान इमारती उभ्या राहिल्या आणि शेजारच्या साध्या वस्तीतल्या लोकांना ती बाग आपली वाटेनाशी झाली. ज्यांनी पुढाकार घेतला होता त्यांच्यापैकी एकानं नंतर ही चूक जाहीरपणे कबूल केली. आपल्याकडे हे होणार नाही असं समजू नका. ओढ्याकाठी चार दिवे लागले की पहिल्यांदा कुणाला उठवलं जाईल? टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींनाच!

म्हणून इमारतीचा नकाशा बघताना मी काही गोष्टी आवर्जून विचारायला शिकले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, इमारतीच्या मधून आरपार वाट आहे का? रस्त्यावरून थेट ओढ्याकडे नेणारी, दहा-बारा फूट रुंद, वर छत असलेली, रात्री दिवा असलेली. नाहीतर संकुल म्हणजे गावाच्या मध्ये घातलेली भिंतच. त्या वाटेला पायऱ्यांबरोबर उतार हवा. गुडघे धरलेल्या आजीला आणि मुलाची गाडी ढकलणाऱ्या सुनेला तो सारखाच लागतो.

दुसरी, हिरव्या बाजूला काय आहे? तिकडे दुकानांची तोंडं नसतील तर निदान ओटे असावेत. भाजीचे, फुलांचे, चहाचे. गाळ्यांचा लिलाव होतो, अनामत लाखांत जाते, घेणारे कुलूप लावून ठेवतात आणि अर्धं संकुल बंद पडतं, हे आपण कितीतरी गावांत पाहतो. बंद शटरला डोळे नसतात. त्यापेक्षा रोजच्या भाड्याचे ओटे परवडतात आणि गजबजही राहते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यातल्या समितीवर विक्रेत्यांचे जे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. त्या मावशींना हे माहीत नव्हतं. आता झालंय!

तिसरी, वरच्या मजल्यावर कोण असणार? नुसती कार्यालयं असतील तर सहाला सगळं सुनसान. वर अभ्यासिका असावी, खिडक्या ओढ्याकडे. पाळणाघर असावं. जमलं तर नोकरी करणाऱ्या मुलींसाठी राहायच्या खोल्या असाव्यात. नर्स, शिक्षिका, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तालुक्याच्या गावी येतात, त्यांना खोली देताना लोक शंभर प्रश्न विचारतात. त्यांची सोय होईल, आणि त्यांच्या खिडकीतला दिवा खालच्या वाटेला सोबत करील.

चौथी, स्वच्छतागृह कुठं आहे? ते अंधाऱ्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीला नको. वर्दळीच्या वाटेवर, उजेडात, देखभालीला बाई असलेलं हवं. स्वच्छतागृह दिसू नये म्हणून लपवतात आणि मग ते वापरण्याजोगं राहत नाही. बाजारच्या दिवशी दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांना विचारा, म्हणजे या मुद्द्याचं महत्त्व कळेल.

आता नेहमीचे आक्षेप. पैसा कुठून आणायचा? अहो, संकुल तर होणारच आहे, पैसा खर्च होणारच आहे. भिंतीच्या जागी खिडकी आणि दोन गाळ्यांच्या जागी आरपार वाट मागतोय आपण. दोन गाळ्यांचं उत्पन्न कमी होईल हे खरं. पण वर्दळ वाढली तर उरलेले गाळे चालतील, हेही खरं. दुसरा आक्षेप, तिथं टवाळ पोरं बसतील. बसतीलच. आता काय बसत नाहीत? आता तिथं फक्त तीच बसतात, हाच तर प्रश्न आहे. आजोबा, भाजीवाल्या, अभ्यासाला आलेल्या मुली, पाळणाघरातून पोराला न्यायला आलेला बाप, अशी चार तऱ्हेची माणसं आली की टवाळांची सद्दी आपोआप संपते.

आणि तिसरा आक्षेप, जो तोंडावर कुणी बोलत नाही. बायकांना नकाशातलं काय कळतं? मी म्हणते, आपल्याला गावाचं घड्याळ कळतं. कुठल्या वेळी कुठली गल्ली मोकळी असते, कुठला दिवा बंद असतो, कुठं कुत्री असतात, कुठून जाताना आपण पदर घट्ट करून चालतो, हे सगळं आपल्याला पाठ आहे. कुठल्याही नकाशात हे काढलेलं नसतं. आम्ही त्या गावी साधी गोष्ट केली. चौघींनी चार वेळा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री आठला ओढ्याच्या वाटेवर उभं राहून येणारी-जाणारी माणसं वहीत मोजली. संध्याकाळी सहाच्या पुढे बाई एकही नाही! ती वही अर्जासोबत जोडली. तोंडी गाऱ्हाण्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. वहीतले आकडे मात्र सगळ्यांनी वाचले.

कायदाही आपल्याला बोलायची जागा देतो. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती आणि सूचना द्यायला ठरावीक मुदत असते. ती जाहिरात पेपरात कुठंतरी कोपऱ्यात छापून येते आणि आपण पुढचं पान उलटतो. ती वाचा. नकाशा दाखवत नसतील तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. आणि महाराष्ट्रात नगरपालिका-महापालिकांच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. आपल्या नगरसेविकेला हळदीकुंकवाला बोलावतोच आपण. यंदा वाण देताना तिच्या हातात ही चार प्रश्नांची यादीही द्या.

आमच्या त्या गावाचं पुढं काय झालं म्हणाल, तर सगळं काही गोड झालेलं नाही. आरपार वाट नकाशात आली. ओढ्याकडे सहा ओटे आले. खिडक्या 'पाहू' म्हणालेत. स्वच्छतागृह मात्र अजून त्या मागच्या भिंतीलाच आहे, आणि तो विषय पुढच्या बैठकीवर ढकललाय. आम्हीही त्या बैठकीला जाणार आहोत, वही घेऊन. भाजीवाल्या मावशी म्हणतात, "नात आता धाकटी हाय माझी, सहावीत. ती नववीला जाईस्तवर झालं पायजे."

म्हणजे हातात तीन वर्षं आहेत. इमारत उभी राहायला तेवढा वेळ पुरतो. आणि एकदा का भिंत उभी राहिली, की ती पन्नास वर्षं तशीच राहते. तुमच्या गावात असा नकाशा कुठल्या टेबलावर पडलाय का, जरा चौकशी करून ठेवा.